मेहलनच्या शर्टाचं शेपूट

आमच्या शिकारीच्या कॅम्पच्या भिंतीवर सगळ्यात जास्त शर्ट माझे आहेत. अख्खे नव्हेत, मागची शेपटं. कायदा साधा आहे. ज्याने गोळी झाडली आणि हरीण घालवलं, त्याने संध्याकाळी शेगडीपुढे पाठमोरं उभं राहायचं. कात्री चालते, शेपटावर नाव आणि साल लिहितात आणि ते भिंतीवर ठोकतात. एकदा ठोकलेलं काढायचं नाही. मी स्वयंपाकी माणूस. माझा नेम सुपाच्या पातेल्यापलीकडे कधी लागला नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण त्या भिंतीवर मेहलन बॉयरचं शेपूट लागलं, ते मला आजही सहन होत नाही.

ते लागलं त्याच्या जावयामुळे. क्लेअर फेटरॉल्फमुळे.

क्लेअर बुटांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. हाताने सोनं, तोंडाने कुलूप. ‘चुकलो’ हा शब्द तर त्याला कुणी शिकवलाच नसावा. घराच्या तळघरात त्याचं बाक होतं आणि तिथे तो आम्हा सगळ्यांची काडतुसं भरायचा. आम्ही उडवलेल्या पितळी पुंगळ्या खिशातून आणून द्यायच्या आणि हंगामाआधी भरलेली काडतुसं घेऊन जायची. बदल्यात त्याला हरणाच्या मांसाचं बोलोना सॉसेज मिळायचं आणि मान मिळायचा. मान त्याला जास्त आवडायचा.

आता एवढं समजून घ्या. गोळी सुटली की पुंगळी फुगते, नळीच्या मुळाशी जेवढं घर असेल तेवढी होते. पुन्हा भरायची तर आधी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, घालून दाबावी लागते. एक डाय पुंगळीची फक्त मान, म्हणजे गोळी बसते तो भाग, दाबते. पुंगळी जास्त टिकते, नेम बारीक लागतो. दुसरी डाय पुंगळीला अंगभर दाबते. बोल्टच्या, म्हणजे हाताने दांडा फिरवून बंद करायच्या, रायफलीला मान दाबलेली चालते, कारण बोल्टमध्ये जोर असतो, काडतूस जरा घट्ट असलं तरी तो रेटून बसवतो. पंपाच्या रायफलीत तो जोर नाही. पुढची मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची, संपलं. तिला काडतूस सैल अंगाचंच लागतं. क्लेअरची रायफल बोल्टची होती, मेहलनची पंपाची.

क्लेअरला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वर्षी त्याने मान दाबायची नवी डाय आणली होती आणि तिच्यावर तो लट्टू झाला होता. एका नाण्याखाली झाकतील इतकी जवळ गोळ्यांची भोकं पाडलेला नेमाचा कागद तो सगळ्यांना दाखवत हिंडायचा.

“पॉपनाही यंदा असलीच देणार,” तो मला म्हणाला. मेहलनला आम्ही सगळेच पॉप म्हणायचो.

“पंपात जातील ना रे?” मी विचारलं.

“वासिल, तू कोबी चिर. घालून पाहिलीत मी. जातात.”

तळघरात, उबेत, सावकाश घातली तर जातात. हरीण समोर उभं असताना काय होईल, ते त्या तळघरात कळण्यासारखं नव्हतं. प्रेमानेच केलं त्याने, हेही सांगायला हवं. मेहलनचं वय झालं होतं आणि त्याचा शर्ट आजवर एकदाही कापला गेला नव्हता. म्हाताऱ्याची सगळी ऐट त्या न कापलेल्या शर्टात होती.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, हंगामाच्या पहिल्याच सकाळी, त्याच्यासमोर मोठ्या शिंगांचा नर आला. पहिली गोळी मधल्या रोपट्याला लागली. नर दचकला, पण पळाला नाही. मेहलनने मूठ ओढली, ढकलली, आणि ती अर्ध्यात अडकली. तो ढकलत राहिला. नराने बघितलं, बघितलं, आणि चालत निघून गेला.

संध्याकाळी कॅम्पवर एकच कल्ला.

“बंदूक अडली म्हणे!”

“नाचता येईना, अंगण वाकडं! चला पॉप, पाठ करा इकडे.”

“अरे, खरंच अडली,” मेहलन म्हणाला. “क्लेअर, तू बघ रे पोरा. तुला कळेल.”

क्लेअर बंदूक घेऊन पडवीत गेला. अडकलेलं काडतूस ठोकून बाहेर काढलं. त्याच्या बुडाशी पितळ घासून चकाकत होतं. त्याला तिथल्या तिथे कळलं की दोष म्हाताऱ्याचा नाही, डायचा आहे, आपला आहे. काडतूस त्याने खिशात टाकलं आणि आत आला.

“काडतूस ठीक आहे,” तो म्हणाला. “मूठ पुरती पुढे गेली नसेल.”

बस, एवढंच. हसणं थांबलं, कारण मेहलन हसत नव्हता. तो आपल्या हातांकडे बघत होता.

“मग हातच गेले म्हणायचे माझे,” तो म्हणाला, आणि स्वतःच पाठ करून उभा राहिला. लाल-काळ्या चौकड्यांचं ते शेपूट कापताना कात्रीवाल्यालाही मजा आली नाही.

दुसऱ्या दिवशी मेहलनने रायफल क्लेअरला देऊन टाकली. “तुझे हात आहेत अजून,” म्हणाला. त्यानंतर तो कॅम्पला आला नाही. अंगात ताकद होती, लाकडं फोडायचा, पण बंदुकीला हात लावेना. दर हंगामात त्या सोमवारी शिकारीची नारिंगी टोपी घालून खिडकीत बसायचा, डोंगराकडे तोंड करून. क्लेअरची बायको, अल्वर्टा, नवऱ्याला म्हणायची, “बाबांना ने ना रे.” क्लेअर म्हणायचा, “त्यांचीच इच्छा नाही.” आणि मूग गिळून गप्प. बाकावरची नवी डाय मात्र गेली होती. त्यानंतर सगळ्यांच्या पुंगळ्या अंगभर दाबूनच येत. पितळाची चूक सुधारायला त्याला एक दिवस लागला, माणसाची तशीच पडून राहिली.

पुढे मेहलनला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. त्याच शरदात मी कॅम्पवर शेगडी साफ करत होतो आणि क्लेअर पक्कड घेऊन आत आला. सरळ भिंतीपाशी जाऊन मेहलनच्या शेपटाचे खिळे उपटायला लागला.

“ए! ठोकलेलं काढायचं नाही!” मी ओरडलो.

त्याने खिशातून ते काडतूस काढून टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मी खूप शिव्या घातल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, “चल माझ्याबरोबर. एकट्याने व्हायचं नाही.”

मी मका घातलेलं कोंबडीचं सूप डब्यात भरलं आणि गेलो. मेहलन खुर्चीत बसला होता, नीट दाढी केलेला. त्याने आम्हाला हसून ‘या’ म्हटलं, पण ओळखलं नाही. क्लेअरने ते शेपूट त्याच्या मांडीवर ठेवलं. मेहलनने बोटांनी चाचपलं.

“चांगलं कापड आहे. कुणाचं फाडलंत?”

“माझ्या सासऱ्यांचं,” क्लेअर म्हणाला. आणि मग तो बोलला. डाय, तळघर, पडवी, खिशातलं काडतूस, काही ठेवलं नाही. “चुकलो मी,” असं म्हणाला. मेहलन मन लावून ऐकत होता, मध्ये मध्ये मान हलवत होता. पंपाला घट्ट काडतूस चालत नाही, हे त्याला अजून बरोबर समजत होतं.

“मग त्या म्हाताऱ्याला सांगितलंस की नाही?” त्याने विचारलं.

क्लेअरने नकारार्थी मान हलवली.

“कमाल करतोस! अरे, तो बिचारा समजत असेल, आपलेच हात गेले. आजच जा. म्हातारं माणूस, त्याचा काय भरवसा? रागावेल थोडा. रागावू दे.”

“सांगतो,” क्लेअर म्हणाला.

“आणि हे परत दे त्याला,” मेहलन म्हणाला. त्याने शेपटाची नीट घडी घातली आणि जावयाच्या हातात ठेवली. हात जराही कापत नव्हते.