खुणेआधी टाकलेला बॉल

माझी संघात निवड कशी झाली हे मी लोकांना हसत हसत सांगतो. आठवीत असताना एका पोरानं मला पेडगावचं येडं म्हटलं, म्हणून मी पायातली चप्पल काढून त्याच्यावर भिरकावली. तो मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ होता. चप्पल बरोबर पाठीत बसली. खेळाचे सर व्हरांड्यात उभे राहून हे बघत होते. त्यांनी बोलावल्यावर मी गाल पुढं करूनच गेलो. सरांनी माझा दंड चाचपला आणि म्हणाले, "उद्यापासून बेसबॉलला ये." ऐकणारे हसतात, मीही हसतो. पुढचं मात्र मी सांगत नाही.

परभणीत बेसबॉल कोण खेळतं, असं पुष्कळ जण विचारतात. आम्ही खेळायचो. क्रिकेटला गल्लीगल्लीत पोरं, तिथं नंबर लागायचा नाही. बेसबॉलला संघ कमी. राज्यात पहिल्या तीनात आलं की प्रमाणपत्र मिळायचं आणि त्या प्रमाणपत्रावर पुढं भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करता यायचा. आमच्यातल्या निम्म्या पोरांना होम रन कळायच्या आधी कोटा कळला होता. ग्लोव्ह पुरेसे नव्हते. डाव बदलला की आम्ही आमचे ग्लोव्ह मैदानात तसेच टाकून यायचो आणि समोरच्या संघातली पोरं तेच घालून उभी राहायची.

मी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. बॅटवाल्याच्या मागं उकिडवं बसून तो बॉल घेणारा आमचा कॅचर शेजारच्या गावचा. आम्ही एकाच एसटीनं शाळेत यायचो. घरचे लिंगायत. मॅचच्या आधी तो गळ्यातलं लिंग बनियनच्या आत नीट सारायचा आणि मगच छातीवर गार्ड बांधायचा. बोलणं कमी. पण मैदानात मला फक्त त्याचंच ऐकू यायचं, कारण तो बोटांनी बोलायचा. डाव्या हातात ग्लोव्ह. उजवा हात उघडा, तो मांड्यांमध्ये धरून तो मला खूण करायचा. एक बोट म्हणजे सरळ आणि जोरात, दोन बोटं म्हणजे वळवून. खूण झाली की तो उघडा हात पाठीमागं लपवायचा. मी मान हलवायची, त्यानं हात लपवायचा, मग बॉल टाकायचा. एवढा एकच नियम आमच्या दोघांत होता.

माझा राग नाकावर नव्हता, सगळ्या अंगावर होता. कुणी कॅच सोडला की तळपायाची आग मस्तकात जायची. मी शिव्या द्यायचो, माती लाथाडायचो, सोडणाऱ्या पोराकडं पाठ करून उभा राहायचो. आई म्हणायची, "अति राग भीक माग." सर मात्र म्हणायचे, "ह्याला जरा पेटवा रे, मग बॉल बघा कसा जातो." आणि खरंच जायचा. त्यामुळं मला राग आवरायला कुणी शिकवलंच नाही. मीही शिकलो नाही, हेही खरं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत एकदा सेकंड बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या दुसऱ्या ठाण्यावर, उभ्या असलेल्या पोरानं सोपा कॅच सोडला आणि मी ग्लोव्ह फेकून चालू मॅचमधून थेट बसस्टँडवर गेलो. आम्ही ती मॅच हरलो. त्या दिवसापासून पोरांनी मला सांभाळायची वाटणी करून घेतली. कॅच सुटला की एक जण पाण्याची बाटली घेऊन पळत यायचा, फर्स्ट बेसवाला काहीतरी पाचकळ विनोद करायचा, कॅचर बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खेळ थांबवायचा. मला वाटायचं, पोरांचा आपल्यावर काय जीव आहे!

पुढच्या वर्षी आम्ही राज्य स्पर्धेला गेलो. पहिल्याच मॅचला त्याच सेकंड बेसवाल्याच्या हातातून बॉल निसटला. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहवत नाही, त्याच्या आईपर्यंत गेलो एवढं सांगतो. तो रडायला लागला. त्यानं मला आणखीच चेव आला. बॉल माझ्याकडं आला तसा मी समोर बघितलंही नाही, कॅचर खूण करतोय की नाही याची वाट बघितली नाही, होता नव्हता तेवढा जोर लावून टाकला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. कॅचरचा उघडा हात अजून मांड्यांमध्येच होता.

तो मागं कोलमडला. उठला, आमच्याकडं पाठ करून पँटीची माती झटकत राहिला. पंचांनी विचारलं तर म्हणाला, "काही नाही सर." मी लांबूनच ओरडलो, "चल ना बे, कामून नाटकं करायलास?" तो वळला, खाली बसला आणि खूण केली. बोट नीट दिसेना म्हणून मी त्याच्यावर पुन्हा चिडलो. त्यानं हात बाहेर काढून मला बोट दाखवलं. मग मी बॉल टाकला.

त्या रात्रीच्या जेवणाला वरण-भात आणि पोळी होती. तो चमच्यानं भात खात होता, तोही डाव्या हातानं, आणि पोळीला त्यानं हात लावला नव्हता. मी म्हणालो, "राज्याला आला तर साहेब झालास का? चमच्यानं खायलास ते." कुणी हसलं नाही. मला वाटलं, पोरं थकली असतील. तोच एकटा हसला आणि म्हणाला, "करमत न्हाई भाऊ चमच्याबगर." पुढचे सगळे दिवस तो तसाच जेवला. सगळ्या मॅचमध्ये माझे बॉल त्यानंच घेतले. आम्ही तिसरे आलो. सेकंड बेसवाला घरी परतल्यावर पुन्हा कधी मैदानात आला नाही.

शाळा सुरू झाली तेव्हा कॅचरच्या अंगठ्याला पट्टी होती. मी विचारलं तर म्हणाला, मोटरसायकलच्या चेनमध्ये गेला. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बांधलं होतं. पट्टी सुटली तेव्हा अंगठा जरा आत वळलेला होता आणि मधल्या सांध्यातून वाकत नव्हता. पुढं परभणीतल्या डॉक्टरनं सांगितलं की आता नीट करायचा तर हाड पुन्हा मोडावं लागेल. घरच्यांनी नको म्हटलं. मी त्याला कितीतरी दिवस चेनवाला म्हणून हाक मारायचो.

पहिल्या भरतीतच मी पोलिसात लागलो. प्रमाणपत्र उपयोगी पडलं. तो दोनदा राहिला. पळण्यात तो माझ्यापेक्षा चांगला, लेखीतही हुशार. राहायचा तो गोळाफेकीत. मी त्याला म्हणायचो, "तुझ्या दंडात दमच न्हाई, दूध पी." तो म्हणायचा, "पितो."

गेल्या वर्षी एका लग्नाला जाताना देवगाव फाट्यावर चहाला थांबलो, तिथं फर्स्ट बेसवाला भेटला. जुन्या गोष्टी निघाल्या. मी म्हणालो, त्या चेनवाल्याला ह्या वर्षी तरी लावलं पाहिजे. त्यानं कप खाली ठेवला.

"तुला खरंच म्हाईत न्हाई?"

"काय?"

"तुह्या बॉलनं गेलाय त्येचा अंगठा. राज्याला. पहिल्या मॅचला. आमाला समद्यायला म्हाईत हाय."

"मग मला कामून न्हाई सांगितलं?"

"सांगून काय करता? तू ग्लोव्ह फेकून गेला आसतास. समद्यायचं सर्टिफिकेट गेलं आसतं. त्योच म्हणला, त्याला सांगू नका, मी घेतो बॉल."

आता या जागी मला रडू आलं असं लिहायला पाहिजे. मला रडू आलं नाही. मी चिडलो. दहा जणांनी मूग गिळून गप्प राहायचं आणि मला येडं बनवायचं, असं काहीतरी बोललो, लग्नाला गेलोच नाही, गाडी वळवून सरळ त्याच्या गावात गेलो. तो ओट्यावर मुलीला घेऊन बसला होता. मी त्याच्या वडिलांसमोर, बायकोसमोर ओरडलो, "तू मला सांगायला पाहिजे होतं!" मुलगी घाबरून रडायला लागली. तो तिला थोपटत म्हणाला, "हो भाऊ. चुकलं माझं."

चुकलं म्हणे त्याचं! मी तिथं उभा होतो आणि माफी माझ्या तोंडातून निघत नव्हती. तिथून निघतानाही नाही निघाली. आज लिहितानाही मी ती लिहू शकतो, म्हणू शकत नाही.

त्याऐवजी मी त्याला गोळा शिकवायला लागलो. घरी त्यानं सांगून ठेवलं होतं की ही शेवटची भरती, नाही झालं तर पुण्याकडं कंपनीत जाणार. मुलीला आणि बायकोला गावी ठेवून. ड्यूटी सुटली की मी त्याच्या गावाबाहेरच्या पडीक रानात जायचो. गोळा हातावर टेकवताना अंगठ्यानं बाजूनं आधार द्यावा लागतो. त्याचा अंगठा आधारच धरायचा नाही, गोळा आतल्या अंगाला घसरायचा. आम्ही बोटांची ठेवण बदलून पाहिली, खडू लावून पाहिला, खांद्यावर भार देऊन पाहिला. गोळा टाकला की तो कुठं पडला हे बघायच्या आधी तो माझ्या तोंडाकडं बघायचा. मी तोंड हसरं ठेवायचो. त्याला ते खोटं वाटायचं आणि मग पुढचा गोळा आणखी जवळ पडायचा. मी पाठ करून उभा राहिलो तर त्याला वाटायचं, मी चिडलो. त्या रानात मी कुठं तोंड करून उभं राहावं, हेच मला समजेना.

भरतीच्या दिवशी माझी ड्यूटी मैदानावरच होती, गोळाफेकीच्या दोरीजवळ. उमेदवारांशी बोलायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद होती, वर कॅमेरे होते. छातीवर नंबर लावून तो आला. बनियनमध्ये हात घालून गळ्यातलं आत सारलं. पहिला गोळा घसरला. दुसरा रेषेबाहेर गेला. तिसरा मला वाटलं गेला, खरंच वाटलं, पण मोजणाऱ्यानं टेप ताणला आणि जो आकडा ओरडून सांगितला तो पुरेसा नव्हता. थोडक्यात राहिला. वीतभर म्हणा. टेप थोडा तिरका धरलाय असं मला दिसलं, किंवा दिसावंसं वाटलं. माझी कानशिलं गरम झाली. दोरी माझ्या मुठीत होती, आणि मी त्या टेपवाल्याकडं एक पाऊल टाकलंही होतं.

तो कागदावर सही करून बाहेर निघाला. सही करताना पेन त्यानं मधल्या बोटांत धरला होता. दोरीपाशी त्यानं चाल हळू केली. नोकरी हातची गेली होती, पुण्याची वाट ठरलेली होती, घरी जाऊन सांगायचं होतं. मला वाटलं, आता तरी तो मला काहीतरी बोलेल, शिवी देईल. मी तयार होतो. त्याची बोलणी खायची तर मी वर्षभर वाट बघत होतो.

तो माझ्याकडं न बघता, ओठ न हलवल्यासारखं करून म्हणाला, "भाऊ, तू चिडू नको. मापात काई चूक न्हाई."