दहावा माणूस

तारेचा फॉर्म इब्राहिमभाईंच्या हातात होता. मजकूर हॅरिगनसाहेबांचा, अमेरिकेतल्या मुलीसाठी. ‘तुझा नवरा खोटं बोलतो. काल तो खेळलाच नाही. घरी परत ये.’ तासाभरात पाठवायची होती.

आखातातल्या अहमदीत, तेल कंपनीत आम्ही दोघे टेलिप्रिंटर ऑपरेटर. मी ज्युनिअर. पुस्तकं वाचतो म्हणून इब्राहिमभाई मला मास्तर म्हणत. ते रत्नागिरीकडचे, आमच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन. स्वतः खेळत नसले तरी बाहेरून आऊट देणारे.

हॅरिगनसाहेब ड्रिलिंगचे मुख्य. त्यांचा जावई धंदेवाईक बेसबॉलपटू. सासऱ्यांच्या मते हा धंदाच नव्हे. पंधरा दिवसांपूर्वी त्याला मोठ्या टीमने घेतलं, तेव्हापासून साहेबांना रोज बॉक्स स्कोअर हवा असे. म्हणजे मॅचचा तक्ता: कोण किती वेळा बॅटिंगला आला, किती धावा, किती फटके. तो मशिनवर येई, इब्राहिमभाई स्वच्छ टाइप करून साहेबांना देत. जावयाचं नाव त्यात कधीच नसे. साहेब तक्ता वाचत आणि खुशीत नाश्ता करत.

त्या सकाळी मुलीची तार आली. तो काल खेळला, आता तरी दोन शब्द बोला. साहेबांनी तक्ता पाहिला. नाव नव्हतं. मग हा फॉर्म.

मी तक्ता घेऊन बसलो. बेसबॉलमध्ये बॅटिंगला आलेला माणूस तीनच ठिकाणी जातो. धाव काढतो, बाद होतो, नाहीतर डाव संपताना मैदानात अडकून राहतो. तिन्हींची बेरीज आलेल्यांच्या संख्येएवढी यायलाच हवी. इथे चार धावा, सत्तावीस बाद, सात अडकलेले. झाले अडतीस. तक्त्यात आलेले सदतीस.

"इब्राहिमभाई, एक माणूस कमी पडतो."

ते टाइप करत राहिले. "कमी नाय. जास्त होता, तो मी काढला."

"काढला?"

"टीम नवांची, नावं धा. सबस्टिट्यूट फिल्डिंग करतो, बॅटिंग करतो काय कधी? मशिनची चूक. बेरीजपण नीट केली मी."

मी टोपलीतून मशिनचा मूळ कागद काढला. दहावं नाव जावयाचं होतं. एकदा बॅटिंग, धावा शून्य, फटके शून्य. बेसबॉलमध्ये बदली माणूस बॅटिंग करतो, हे आम्हा क्रिकेटवाल्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पंधरा दिवसांत इब्राहिमभाईंनी असे बरेच अमेरिकन संघाबाहेर काढले होते.

त्यांनी फॉर्मकडे पाहिलं. त्यांचा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. महिनाअखेर थोरल्या मुलीचा निकाह, बोट शुक्रवारी. ती चुकली तर पुढची निकाहानंतर.

मी सुचवलं, तार आज अडकली म्हणू. सही होऊ दे, मग सांगू.

त्यांनी फॉर्म आणि मशिनचा कागद उचलला. मग टोपी घातली.

"लेक त्याचीपण हाय ना, मास्तर."

मी मागोमाग गेलो. इब्राहिमभाईंनी कागद पुढे ठेवला आणि चूक सांगितली, क्रिकेटच्या नियमासकट. साहेबांनी ती ओळ तीनदा वाचली. मला वाटलं, गेली बोट.

"म्हणजे खेळला," साहेब म्हणाले. "आणि काहीही केलं नाही."

"नाही, सर," इब्राहिमभाई म्हणाले.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी फॉर्म फाडला आणि नवा लिहिला, जावयाच्या नावाने. ‘शून्य पाहिलं. अभिनंदन.’ रजेच्या अर्जावर सही केली, आठ दिवस कापून. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘दहाव्या माणसाबद्दल.’

इब्राहिमभाई निकाहाला पोचले. माझ्यासाठी मिठाई आणली आणि साहेबांना शिव्या घालत खायला लावली.

गेल्या महिन्यात ते गेले. नातवाने फोनवर इंग्रजीत कळवलं. ही आठवण लिहायला मला चार आठवडे लागले. टेलिप्रिंटर रूममध्ये काढलेल्या ऑफिसच्या ग्रुप फोटोमागे नावं मीच लिहिली होती. परवा पाहिलं, तर माणसं नऊ, नावं आठ. इब्राहिमभाईंचंच राहिलं होतं.

लिहिलं. आधी माणसं मोजावीत, बेरीज मग.