मानेपुरता जिराफ

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही हो. श्रीखंडाचे रिकामे डबे घरात आपोआप जमतात ना, तसे ते जमतात. मग एक दिवस माळा उघडावा तर सगळे डोक्यावर! आमच्या ग्रुपचं तेच झालंय, म्हणून आज सांगूनच टाकते.

आधी ग्रुपचं सांगते. आम्ही चौघं मिळून एक काम करतो. देशातल्या कुठल्या झूमध्ये कुठला विदेशी सस्तन प्राणी आहे, त्याची नोंद ठेवतो आणि नेटवर टाकतो. विदेशी म्हणजे आपल्या जंगलात न सापडणारा. पाणघोडा, झेब्रा, जिराफ, चिंपांझी. कोण कुठून कुठे गेला, कोणाला पिल्लू झालं, कोण वारला. हत्ती, वाघ, अस्वल आम्हाला सांगू नका, त्यात आम्हाला इंटरेस्ट नाही. हे काम आम्हाला कोणी दिलेलं नाही. माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं, "मग करता कशाला गं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.

सुरुवात केली कांबळे सरांनी. सर कल्याणला भूगोल शिकवायचे, मलाही शिकवलंय. वर्गात भिंतीवर जगातल्या प्राण्यांचा मोठा तक्ता होता आणि सर पट्टीने एकेक दाखवून शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की यातलं एकही जनावर आपण पाहिलेलं नाही. "आयुष्यभर ऐकीव शिकवलं मी!" असं म्हणून ते जे निघाले ते एकेक झू पालथं घालत सुटले. तक्त्यावरचे एकूण एक झाले, फक्त टॅपिर राहिला. टॅपिर म्हणजे पुढून काळा, मागून पांढरा, अंगाने डुकरासारखा, आणि नाकाची सोंड व्हायला घेतली होती पण मध्येच काम थांबलं. तो आपल्याकडे कुठेच नव्हता. मुलाने सांगितलं, "बाबा, मलेशियाला जाऊन या." सर म्हणाले, "तिकडे काय बघायचं? तिकडे असतोच."

*

सरांचा एक नियम आहे. प्राणी जिवंत पाहिजे, पूर्ण पाहिजे, आणि आपल्यापैकी कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पाहिजे. पेपरात आलं, फोटो आला, पाटी लागली, सगळं केराच्या टोपलीत.

या नियमाचा पहिला बळी दिनेश पाटील. दिनेश कोपरीचा, स्वतःची टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो, पार्ट्या घेऊन देशभर फिरतो. म्हणून तर त्याला ग्रुपमध्ये घेतला! पहिल्याच खेपेला गडी आनंदात आला. "सर, जिराफ बघून आलो!"

"पूर्ण पाहिलास?"

"मान बघितली. बाकी भिंतीमागं होता."

"म्हणजे मान पाहिलीस."

"अहो सर, मान हाय म्हंजे खाली जिराफ असंलच ना!"

"असेल. पण तू पाहिलास का?"

सरांनी नोंदीत धरला नाही, नुसता शेरा मारला, 'जिराफ, मानेपुरता'. दिनेश महिनाभर कोणाशी बोलला नाही. मग कुठलीतरी पार्टी धरून परत त्याच झूला गेला आणि तिथूनच फोन केला. "सर, पाय बघितले. चार हायेत."

*

माझी नोकरी वागळे इस्टेटमध्ये, खोके बनवणाऱ्या कंपनीत. लंच टाइममध्ये मी झूना फोन लावते. आमचे मालक सज्जन आहेत, पण त्यांना दुसऱ्याचं बोलणं ऐकायची सवय आहे.

एकदा मी फोनवर होते. "पाणघोडे किती राहिले? ... मागच्या वेळी जास्त होते ना? ... अच्छा, एक पाठवला. मग त्याच्या बदल्यात काय आलं? ... झेब्रा? पोचला का? ... अजून वाटेतच आहे?"

मालक केबिनमधून बाहेर आले. "वैशाली, माल वाटेत आहे असं हे लोक नेहमी सांगतात. चलान मागून घे."

मी मागितलं. आलं सुद्धा!

*

चौथी मंजिरी. डोंबिवलीची दातांची डॉक्टर. तिला जनावराचा बाकी काही भाग दाखवू नका, फक्त तोंड दाखवा. एका झूमध्ये पाणघोडा जांभई देईपर्यंत ती उन्हात उभी राहिली, आणि दिल्यावर तिथल्या माणसाला म्हणाली, "खालचा डावा सुळा वाढलाय. घासायला हवा." तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी तिकीट तपासतो."

त्या जांभईचा फोटो तिने मोठा करून क्लिनिकमध्ये लावला. बाहेर बसलेले पेशंट मान वर करून बघतात आणि परत खाली घालतात. एका आजोबांनी मात्र बराच वेळ बघून विचारलं, "डॉक्टर, हा ट्रीटमेंटच्या आधीचा की नंतरचा?"

मंजिरीने फोटो काढला नाही. आजोबांनी डॉक्टर बदलला.

*

दिनेशची एक पार्टी होती, ठाण्यातली, देवदर्शनाला निघालेली. वाटेत त्याला मंजिरीचा मेसेज आला, की जवळच्या झूमध्ये झेब्र्याला पिल्लू झालंय. दिनेशने इंडिकेटर दिला आणि वळला. पार्टीला म्हणाला, "पुढं रस्ता बंद हाय. तवर इथं जरा पाय मोकळे करा."

पार्टीतल्या आजी भलत्या कडक. गाडीतून उतरतानाच म्हणाल्या, "आम्ही देवासाठी पैसे दिलेत, घोड्यासाठी नाही!" दिनेश म्हणतो, माझी तर फाटलीच होती.

पुढच्या वर्षी त्याच आजींचा फोन आला. "पाटील, गाडी पाहिजे. देव दरवर्षीच बघतो रे. ते पिल्लू केवढं झालं ते बघून येऊ."

*

एकदा कोणीतरी सांगितलं, आंबिवलीत एकाच्या घरी कांगारू आहे. म्हणजे बेकायदेशीरच! सर तडक निघाले, मला सोबत घेऊन. गल्लीत विचारत विचारत पोचलो. घराच्या मागच्या अंगणात खरंच कांगारू. पाठमोरा, स्टुलावर बसलेला.

कांगारूने डोकं काढून बाजूला ठेवलं आणि चहा प्यायला घेतला. वाढदिवसाच्या पार्ट्यांमध्ये नाचणारा मुलगा होता तो! आम्हाला बघून उठला, सरांना बसायला स्टूल दिलं.

सरांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सस्तन आहे. पण देशी आहे."

*

आता जरा वेगळा किस्सा. एका झूमध्ये 'जग्वार' अशी पाटी होती. जग्वार विदेशी, म्हणून आम्ही गेलो. जग्वार आणि आपला बिबट्या दिसायला सारखेच. फरक एवढाच, की जग्वारच्या अंगावरच्या गोलात आणखी बारीक ठिपके असतात. हे सरांनी मला सातवीत शिकवलेलं.

पिंजऱ्यात बिबट्या होता. मी तिथल्या माणसाला म्हटलं, "अहो, हा जग्वार नाहीये!"

"माहितीये मॅडम. पाटी आधी आली."

"मग बदला की पाटी!"

"त्यापेक्षा जग्वार लवकर येईल," तो म्हणाला.

मी हसत सरांकडे वळले. सर हसत नव्हते. जाळीला नाक लावून उभे होते. हळूच मला म्हणाले, "वैशाली, गोलात ठिपके आहेत का गं?"

जनावर आमच्यापासून हाताच्या अंतरावर झोपलेलं. मी म्हटलं, "नाहीत, सर."

परतताना गाडीत त्यांनीच सांगितलं. काचबिंदू. उशिरा कळला, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. असं सांगितलं जसं काही रविवारचा कार्यक्रम सांगतायत. "एवढा एक टॅपिर बघून झाला असता," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला इतकं रडू आलं, की मी दिनेशला उगाचच गाडी हळू चालव म्हणून ओरडले. गाडी सिग्नलला उभी होती.

*

आणि टॅपिर आला! खरंच आला. दूरच्या एका राज्यातल्या झूमध्ये, बदल्यात. मी फोन केला तर म्हणाले, नवीन जनावर आहे, एवढ्यात लोकांना दाखवत नाही, वेगळं ठेवलंय. पुढच्या महिन्यात केला, तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात, तेच. तोवर सर पेपरमधला मथळा वाचायचे आणि बाकीची बातमी काकूंकडून, म्हणजे त्यांच्या मिसेसकडून, ऐकायचे. मग मथळाही काकू वाचायला लागल्या. मी फोनवर त्या साहेबांशी भांडले, विनवण्या केल्या, शेवटी मालकांनी स्वतः फोन घेतला आणि म्हणाले, "माल कधी सोडताय?"

सोडला एकदाचा.

दिनेशने पार्टी रद्द केली, मंजिरीने क्लिनिक बंद ठेवलं, काकूंनी डबा दिला, आणि आम्ही चौघं निघालो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, शाळेच्या गॅदरिंगला घालायचे तसा.

पोचलो. कुंपणाजवळ गेलो. टॅपिर अगदी समोर होता. लपलेला नाही, झोपलेला नाही. पाण्याच्या हौदाशेजारी उभा राहून केळं खात होता, सालासकट. पुढून काळा, मागून पांढरा, तक्त्यावर होता तसाच.

"कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"समोर, सर. हौदाच्या उजवीकडे," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. कठडा धरून पुढे वाकले. मला वाटत होतं, देवा, ढग तरी येऊ दे, नाहीतर ऊन तरी पडू दे, काय लागतं ते कर. बराच वेळ गेला. टॅपिरचं दुसरं केळं संपलं.

सर सरळ झाले. वर्गातल्या आवाजात म्हणाले, "मला दिसला नाही. तुम्ही तिघांनी पाहिलाय, नियमात बसतं. वैशाली, नोंद कर."

मी मोबाइल काढला. पण बोट काही हलेना.

तेवढ्यात दिनेश म्हणाला, "सर, मना पन नाय दिसला."

सर वळले. "काय?"

"नाय दिसला. हौद दिसतोय. बाकी काय नाय."

मंजिरी चष्मा पुसायला लागली. "मलाही नाही दिसला, सर. तोंड तर अजिबातच नाही."

"वैशाली?"

"आतमध्ये असेल, सर," मी म्हटलं, आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

"खोटं बोलताय तुम्ही," सर म्हणाले. "मला खाण्याचा आवाज येतोय."

"आवाजाची नोंद आपण घेत नाय, सर," दिनेश म्हणाला. "मानेची पन घेत नाय."

मागे उभा असलेला गार्ड हे सगळं ऐकत होता, मराठी त्याला थोडंफार कळत असावं. चार मोठी माणसं सांगतायत, टॅपिर नाही! बिचारा घाबरला, धावत कुंपणाशी आला, वाकून बघितलं. मग काठी पुढे करून हिंदीत ओरडला, "अरे है ना! ये क्या सामने, केला खा रहा है!"

दिनेशने कपाळावर हात धरून नीट बघितलं.

"किधर?"

सर कठड्याला धरून हसायला लागले, ते थांबेचनात. डोळे पुसले, परत हसले. आम्ही तिथेच बाकावर काकूंचा डबा उघडला आणि समोर बघत जेवलो.

परवा परदेशातल्या एका जाणकाराची ईमेल आली. ते त्यांच्याकडे आमच्यासारखंच काम करतात. लिहिलं होतं, तुमच्या नोंदी अतिशय चोख आहेत, फक्त टॅपिर कसा राहिला? सोबत फोटो पाठवतोय.

मी सरांना फोनवर वाचून दाखवली आणि विचारलं, काय उत्तर देऊ?

सर म्हणाले, "लिही त्यांना. जनावर आलंय असं आम्हीही ऐकलंय. चौघं जाऊन आलो, पण आमच्यापैकी कोणाला दिसलं नाही."