भांडगावात न झालेलं भाषण

निवडणुकीला उभी राहीपर्यंत दौंडच्या कोर्टात माझी ओळख ‘बायकांची वकील’ अशी होती. पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा, भावांनी गोड बोलून बहिणीकडून घेतलेलं हक्कसोडपत्र, हेच माझं रोजचं काम. बारमधले पुरुष वकील ही पदवी जरा हसून द्यायचे. मी ते ऐकून गप्प बसायचे, असं लिहायचा मोह होतो आहे, पण ते धडधडीत खोटं होईल. मी बोलायचे, आणि चांगलं सणसणीत बोलायचे.

वकिलीची सुरुवात मात्र शिरूरची. ते माझं माहेर. तिथल्या एका जुन्या वकिलांच्या हाताखाली मी काम शिकले. त्यांना सगळा तालुका आबा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचे. आबांनी मला भांडायला शिकवलं नाही, ते मला घरातूनच येत होतं. त्यांनी शिकवलं ते वेगळंच. पहिल्याच महिन्यात बाजारात एक अशील दिसला आणि मी लांबूनच हाक मारली, “काय मामा, तारखेला येताय ना?” मामांचा चेहरा उतरला. त्यांच्या शेजारी व्याही उभे होते. दुसऱ्या दिवशी आबांनी मला समोर बसवलं.

“पोरी, कोर्टाचं लचांड मागं हाय हे त्यानं व्याह्याला सांगितलेलं न्हवतं,” ते म्हणाले. “आपल्याकडं कोण येतं हे सांगायचा हक्क येणाऱ्याचा. आपला न्हाई. रस्त्यात अशील दिसला तर आधी त्यानं ओळख दाखवावी, मग आपण.”

तेव्हापासून मी हा नियम पाळत आले. लग्न होऊन यवतला आले, दौंडच्या कोर्टात बसायला लागले, तरी तो सुटला नाही. त्यामुळे हायवेवरच्या दुकानांतून, लग्नांतून, एसटी स्टँडवर ‘वकीलबाईंना लई गर्व हाय’ असा माझा लौकिक झाला. माझ्या सासूबाईंनाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

आणि अशा बाईला निवडणुकीला उभं केलं.

झालं असं की पंचायत समितीचा आमचा गण, म्हणजे मतदारसंघ, सोडतीत महिलांसाठी राखीव निघाला. माझे मिस्टर झेडपीच्या शाळेत शिक्षक, त्यांना राजकारणात पडायला बंदी. पण धाकट्या दिरांना राजकारणाचं भलतंच वेड. त्यांचं यवतला खतांचं दुकान आहे, आणि त्या दुकानात खतापेक्षा राजकारण जास्त विकलं जातं. सोडत निघाली त्याच दुपारी भाऊजी पेढे घेऊन कोर्टात आले. मला न विचारता त्यांनी निम्म्या बारला पेढे वाटून टाकले. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर न्यायाधीशांच्या शिपायानंही अभिनंदन केलं होतं. खरं सांगायचं तर मलाही आतून हवंच होतं. पोटगीचे हुकूम मिळवून दिले तरी त्या बायकांच्या घरी जायला रस्ता नसायचा, अंगणवाडीला छप्पर नसायचं. ते काम कोर्टात होत नाही, हे मला कधीचं कळलं होतं.

प्रचारात पहिल्याच दिवशी माझी पंचाईत झाली. उमेदवारानं दिसेल त्याला हात जोडायचे, नावानं हाक मारायची, मुलाबाळांची चौकशी करायची. आणि गणातल्या कितीतरी बायका माझ्या ऑफिसच्या खुर्चीत बसून रडून गेलेल्या. त्यांच्या दारात उभी राहून मी अनोळखी माणसासारखे हात जोडायचे आणि वाट बघायचे. एखादी हसून “या की मॅडम, मी न्हाई का आले हुते,” म्हणायची, तेव्हा माझा जीव भांड्यात पडायचा. एखादी पदर सारखा करून आत निघून जायची. भाऊजी कपाळाला हात लावायचे. “वहिनी, अशानं डिपॉझिट जायचं,” ते म्हणायचे.

समोरची उमेदवार जाहीर झाली त्या दिवशी तर ही पंचाईत दुप्पट झाली. मोठ्या बागायतदार घराची सून. सासऱ्यांचा गावच्या विकास सोसायटीत दबदबा, नवऱ्याचा कालव्याच्या पाणीवाटपात शब्द. बॅनरवर तिचा हसरा फोटो आणि खाली ‘आदर्श सून, आदर्श माता’. तिला मी ओळखत होते. ती एकदा माझ्याकडे आली होती.

त्याला बरीच वर्षं झाली. भर दुपारी ती एकटीच ऑफिसचा जिना चढून आली, दार लावू का म्हणाली, आणि लावूनच बसली. तिनं एकच प्रश्न विचारला. घर सोडलं तर पोरगी माझ्याकडं राहील का? मुलगी तेव्हा अंगणवाडीत जाणारी. मी तिला कायदा सांगितला. एवढ्या लहान मुलीला कोर्ट सहसा आईपासून तोडत नाही, आणि तोडायचं म्हटलं तर मी आहे, असंही म्हणाले. नवऱ्याबद्दल मी विचारलं, ती बोलली नाही. चहा सांगितला होता, तो येऊन टेबलावर ठेवला गेला. तिनं कपाला हात लावला आणि उठली. “यवतची एसटी जाईल,” एवढंच म्हणाली. पुन्हा आली नाही. तिनं घर सोडलं नाही हे मला नंतर लग्नाकार्यात दिसत राहिलं. ती मला बघायची, मान वळवायची. मी तर नियमानं भिंतच.

पण जिन्यात तिला आणखी एकानं पाहिलं होतं. भाऊजी त्या दिवशी माझ्या कारकुनासाठी घरून ज्वारीचं पोतं घेऊन आले होते. तेव्हा ते काही बोलले नाहीत. प्रचार निम्म्यावर आला, वारं समोरच्या बाजूला जास्त आहे असं दिसायला लागलं, आणि त्यांना ते आठवलं.

“वहिनी, ही बाई तुमच्या हापिसात आली हुती. मी डोळ्यांनी बघितलीया.”

“माझ्या ऑफिसात कोण येतं ते मी सांगत नसते.”

“म्हंजी आलती! आन् तुमच्याकडं बाई कशाला येती हे सगळ्या दौंडला ठाऊक हाय. कसली आदर्श सून? नुसतं एवढं स्टेजवरनं विचारू, की बाई, वकिलाच्या पायऱ्या कशापायी चढला हुता? बास. पुढचं लोक बघत्याल.”

मी त्यांना समजावलं. मग भांडले. त्यावर त्यांनी मलाच कायदा शिकवला. म्हणाले, केस तर झाली नाही, म्हणजे तिनं फी दिली नसणार, वकीलपत्रावर सही केली नसणार, मग ती तुमची अशील कशी? हा मुद्दा एखाद्या वकिलानं काढला असता तर मी त्याला दाद दिली असती. “कोणीही बाई दार लावून त्या खुर्चीत बसली, की तेव्हाच ती माझी अशील होते,” मी म्हणाले. “आणि तुम्ही हे बोललात, तर मी त्याच माइकवरून लोकांना सांगेन की मतं तिला द्या.” मी असं करू शकते हे भाऊजींना ठाऊक होतं. पण त्यांना हेही ठाऊक होतं की मलाही जिंकायचं आहे.

मला जिंकायचंच होतं. ते दोन-तीन दिवस फार वाईट गेले. दिवसभर हात जोडायचे आणि मनात एकच धास्ती. भाऊजींच्या दुकानातून कुणकुण बाहेर पडलीच होती. ‘भांडगावच्या सभेला या, मजा ऐकायला मिळंल’ असं ते चार जणांना बोलून बसले होते. एका हळदीकुंकवात ती आणि मी समोरासमोर आलो. तिच्या कानावर गेलं असावं, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला सांगावंसं वाटलं, की बाई, घाबरू नकोस. पण ते सांगायचं म्हणजे चार बायकांदेखत ओळख दाखवायची. मी तशीच पुढे गेले. इतका राग मला त्या नियमाचा कधी आला नव्हता.

भांडगावची सभा संध्याकाळी होती. कंपन्या सुटलेल्या, त्यामुळे कामगार पोरंही थांबली होती. बायका एका बाजूला सतरंजीवर, गर्दी चांगली. गाडीतून उतरताना मी भाऊजींना पुन्हा बजावलं. “बरं वहिनी,” ते म्हणाले. त्यांचं ‘बरं वहिनी’ मी लग्नापासून ऐकते आहे, म्हणून मी त्यांच्या अगदी जवळची खुर्ची धरून बसले.

आधी त्यांनी रस्त्यांवर भाषण केलं, मग गॅसवर, मग लोकांना हसवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आता समोरच्या उमेदवारताईंना मला एकच प्रश्न इचारायचा हाय.” पुढची पोरं सरसावून बसली. कोणीतरी मोबाइल वर धरला. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हाच मला कळलं.

मी उठले आणि माइक त्यांच्या हातातून ओढून घेतला. ओढलाच. माइक किंचाळला.

“प्रश्न मीच विचारते,” मी म्हणाले. पुढे काय बोलायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. “प्रश्न असा आहे... की कालव्याला आवर्तन सुटतं, तेव्हा शेवटच्या चारीला पाणी का पोचत नाही? वरच्या मळ्यात उसाच्या सरीत पाणी तुंबतं आणि खालच्यांची पिकं वाळतात. ताई, हे तुमच्या घरातल्यांना विचारून सांगा!”

मागच्या बाजूला, जिथे शेवटच्या चारीचे, कालव्याच्या टोकाच्या फाट्यावरचे शेतकरी उभे होते, तिथून टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मी पाण्यावरच बोलत सुटले. माइक मी शेवटपर्यंत सोडला नाही. सभा संपली तशी मी धपकन खुर्चीत बसले. आतून इतकं हलकं वाटत होतं की त्या वेळी कोणी निकाल हातात आणून दिला असता, आणि मी पडले असते, तरी चाललं असतं.

परतीच्या गाडीत भाऊजी फुगून बसले. “मतं घालवली तुम्ही,” एवढंच बोलले. आम्ही थोडक्यात निवडून आलो. शेवटच्या चारीच्या वाड्यांनी तारलं. आता भाऊजी दुकानात येईल त्याला सांगतात, “पाण्याचा इषय मीच काढायला लावला हुता.” मी त्यांचं म्हणणं खोडून काढत नाही. इतकी वर्षं खताच्या पोत्यांत घालवलेल्या माणसाला तेवढं सुख असू द्यावं.

पुढे सभापतिपदही महिलेसाठी निघालं आणि ते माझ्याकडे आलं. दौंडला कोर्टापासून जवळच पंचायत समिती, पण केबिन, गाडी, दारात शिपाई. काळा कोट घरी खुंटीला. अधूनमधून कोट घालावासा वाटतो. पण अंगणवाडीचं छप्पर पडतं तेव्हा ते सांगायला आता कोर्टाची तारीख लागत नाही, ही माझी मोठी सोय झाली.

एका सोमवारी केबिन माणसांनी भरली होती. सरपंच, ग्रामसेवक, दाखल्यासाठी आलेले म्हातारे. दारातून ती आत आली. सोबत एक उंच, वेण्या घातलेली मुलगी. सगळे ओळखत होते तिला, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मी सवयीनं अनोळखी चेहरा करून बसले.

“वकीलबाई,” ती सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, “मी तुमच्याकडं आले हुते एकदा. ओळखलं न्हाई व्हय?”

मी खुर्चीतून उठलेच. केबिनमधल्या सगळ्यांना मी बाहेर थांबायला सांगितलं. चहा सांगितला. मुलगी खिडकीजवळ उभी राहिली. आईनं तिला जायला सांगितलं नाही.

“हिला आता सांगितलंय सगळं, मीच,” ती म्हणाली. “ह्यांना तर तवाच सांगितलं हुतं. तुमच्याकडनं घरी गेले, पोरीला कडेवर घेतलं आन् म्हनलं, वकिलाला भेटून आलेय, पुन्हा हात उचलला तर पोरीला घेऊन जाईन, कायदा माझ्या बाजूनं हाय. तवापासनं हात उचलला न्हाई. म्हणून राहिले.”

इतकी वर्षं ज्याच्यापासून तिचं येणं जपलं, त्या नवऱ्याला ते पहिल्याच दिवसापासून माहीत होतं!

“मग त्या हळदीकुंकवात एवढ्या घाबरला का होतात?”

तिनं मुलीकडे बघितलं. “हिला ठाऊक न्हवतं. हिला वाटायचं, आई-बापाचं कवा वाकडं झालंच न्हाई. आन् सभेच्या दिवशी ही भांडगावात मैत्रिणीकडं गेली हुती. पार सभेच्या म्होरं बसली हुती, मोबाइल धरून. मला घरी हे कळलं. म्हनलं, आता माझ्या पोरीला हे माइकवरनं कळणार.”

त्या संध्याकाळी वर धरलेला मोबाइल मला आठवला.

“ही घरी आली,” ती म्हणाली. “म्हनली, आई, ती वकीलबाई लई भारी बोलती. दिराचा माइकच हिसकला. पाण्याचं बरोबर इचारलं बग तिनं, आपल्या पप्पांना इचार तू. मी हिच्या तोंडाकडं बघत बसले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.”

“आणि मी म्हणाले होते, मला मत असतं तर तुम्हालाच दिलं असतं,” मुलगी म्हणाली, आणि लाजली.

“बघा,” तिची आई म्हणाली. “माझ्याच घरातलं मत.”

तिघीही हसलो. चहा आला. या खेपेला तिनं कप उचलला, बशीत ओतला आणि सगळा प्यायली. मी विचारलं, हे मी कधी लिहिलं तर चालेल का? ती म्हणाली, नाव तेवढं घालू नका. मग तिनं मुलीला चल म्हटलं. मुलगी जागची हलली नाही. शेवटच्या चारीला आता तरी पाणी पोचतं का, असं तिनं मला विचारलं.