मी येईस्तोवर सोडू नका

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी बसचा स्टॉप व्हायचा होता. खांब येऊन पडला होता, खड्डाही खणून झाला होता. कॉलनीतल्या पुरुषांनी तो होऊ दिला नाही. स्टॉप आला की शेड येते, शेड आली की तिच्यात कुणीतरी मुक्कामाला येतं आणि मग घरफोड्या होतात, असं त्यांचं गणित. सगळ्यात मोठा आवाज कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांचा.

"सरकारनं बायांले बस फुकट केली आन् साऱ्या बसचा बाजार करून टाकला," ते बैठकीत म्हणाले. "तो बाजार आपल्या दारात कायले पायजे?"

काका स्वतः बसमध्ये बसल्याचं कुणाला आठवत नाही. त्यांचं सगळं मोटारसायकलवर. मी त्या बैठकीत तोंडाला तोंड दिलं आणि जळफळत घरी आले. पण माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. माझी मुलगी दुकानासमोरून गेली की तिच्या मुठीत फुटाणे पडायचेच.

मी तामसीकडच्या एका गावात शिक्षिका आहे. मुलगी चौथ्या वर्षात, शाळेला लागून असलेल्या अंगणवाडीत बसते. म्हणून आम्हा दोघींना रोज सकाळी ऑटोनं बसस्टँड गाठायचं आणि तिथून बस धरायची असते. धरायची म्हणजे अक्षरशः धरायची. बस फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोपल्या, टिफिन आत पडतात. ज्याचा रुमाल, त्याची सीट. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती होत नाही.

आम्हा रोजच्या बायकांचे रुमाल एक म्हातारा टाकायचा. तो बसस्टँडवरच राहायचा. शेवटचा बाक, उशाला पोतं, खांद्यावर हिरवा टॉवेल. कुणी म्हणायचं बेज्जूरकडचा आहे, कुणी म्हणायचं निर्मलचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, "मी इथलाच आहो." सगळ्या त्याला बाबा म्हणायच्या, माझी मुलगी बसआबा. बस वळणावर हळू झाली की हा चढायचा आणि आमच्या जागा धरून बसायचा. बदल्यात कुणी चहा पाजायची, कुणी डब्यातली पोळी-भाजी द्यायची.

मी त्याच्याकडे मुलगीसुद्धा द्यायची. दारातल्या रेटारेटीत लेकरू चेंगरलं असतं. मागच्या बाजूला एक गज नसलेली खिडकी होती. तिच्यातून मी मुलीला वर करायची आणि तो तिला मांडीवर घ्यायचा. रोज एकच वाक्य मी त्याला बजावायची, "बाबा, मी येईस्तोवर हिला सोडू नका."

"नाई सोडत, बाई," तो म्हणायचा.

त्या आठवड्यात मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप फिरत होते. कुठला तरी व्हिडिओ, कुठलं तरी गाव, आणि खाली लिहिलेलं की भिकाऱ्याच्या वेषात येतात. कॉलनीच्या ग्रुपवर काकांनी तो पुन्हा पुन्हा टाकला. बायका मुलांना अंगणात सोडेनात. खोटं आहे हे मला कळत होतं, तरी मीही मुलीचं मनगट जरा जास्तच घट्ट धरू लागले होते.

त्या सकाळी बस उशिरा आली आणि गर्दी दुप्पट झाली. मी मुलीला खिडकीतून दिलं, वाक्य बजावलं आणि दाराकडे धावले. दारात बायका, पोती, कोंबड्यांची टोपली. मी पायरीवरच अडकले. तेवढ्यात फलाटावरून ओरडणं ऐकू आलं.

"दोंगा! दोंगा!" तेलुगूत कुणीतरी चोर चोर म्हणून ओरडत होतं. मग ओळखीचा आवाज आला, "अरे ते आमच्या कॉलनीची पोरगी हाये! पकडा त्याले!"

काका होते. गावाहून बसनं आलेलं पार्सल घ्यायला ते स्टँडवर आले होते. त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर ओळखीची मुलगी एका मळकट म्हाताऱ्याच्या मांडीवर आणि आई कुठंच नाही.

ड्रायव्हरच्या दारातून पाच-सहा माणसं आत घुसली. मी जीव खाऊन ओरडले, "माझी पोरगी! माझी पोरगी आहे ती!" आणि तिथंच घात झाला. आई किंचाळते आहे म्हटल्यावर त्यांना आणखी जोर चढला. माझ्या प्रत्येक हाकेला आत एक धपका ऐकू येत होता. ते मुलीला ओढत होते, ती भेदरून रडत होती आणि तो तिला सोडत नव्हता. डोक्यावर मार पडत होता, तरी दोन्ही हातांनी त्याने तिला पोटाशी धरून ठेवलं होतं. सोडत नाही म्हणजे चोरच, असं मारणाऱ्यांना वाटत होतं. तो का सोडत नाही, हे त्या अख्ख्या बसमध्ये एकट्या मला ठाऊक होतं.

मी पोत्यांवरून, माणसांच्या खांद्यांवरून कशी पोचले ते आठवत नाही. मध्ये घुसले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "बाबा, मी आली. सोडा आता."

त्याने त्या क्षणी हात उघडले. मुलगी माझ्या कडेवर आली. मारणारे थांबले. त्याच्या भुवईतून रक्त गळत होतं आणि ते तो हिरव्या टॉवेलनं पुसत होता.

"तुमीच देल्ली काय ताई, याच्यापाशी?" काकांनी विचारलं.

"मीच. रोज देते!" मी ओरडलेच. "तुमाले काऊन माहीत राहीन? तुमी कदी बसमंदी पाय ठेवला काय?"

"ऐसे आदमी के हाथ में बच्ची देते क्या कोई?" मागून एक जण म्हणाला आणि उतरून गेला. बाकीचेही एकेक करून उतरले. काका मात्र तिथंच उभे होते. "मले वाटलं, पोरगी गेली आपली," एवढंच म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांना झोडपावंसं वाटत होतं आणि माझ्या लेकरासाठी सगळ्यांत आधी धावलेही तेच होते. दोन्ही खरं होतं, म्हणून संताप आणखीच वाढला.

मी बाबाजवळ खाली बसले. "एवढं मारून राह्यले होते, तर सोडून द्याचं होतं न बाबा."

"तुमी आल्या नव्हत्या न, बाई," तो म्हणाला.

काही दिवस त्याचा बाक रिकामा राहिला. मग एका सकाळी तो वळणावर पुन्हा चढला. मी धावत त्या खिडकीशी गेले. मुलीने आपणहून दोन्ही हात वर केले, "बसआबा!" त्याने माझ्या सीटवर टॉवेल अंथरला, नीट केला आणि हात पाठीमागे घेतले.

"जागा धरतो, बाई. पोरीले नाई."

तेव्हापासून मुलीला कडेवर घेऊनच मी दारातल्या गर्दीत शिरते. सीट रोज राखलेली असते. त्या दिवशी 'सोडा आता' म्हणाले ती मीच, आणि तो अजून माझा शब्द पाळतो आहे.