खऱ्या मशीनवर तपासलंय

"मग ते बंद पडलंय हे मला सांगितलं का नाहीस?" थेडाने बटाट्याची टोपली तळघराच्या जिन्यावर दणकन ठेवली. "अख्खा हिवाळा मी त्या धुडाला वळसा घालून बटाटे काढतेय. फ्रीझरला जागा मागितली की म्हणतोस, चालू मशीन आहे, हलवता यायचं नाही. आज धूळ पुसायला गेले तर वायरसुद्धा लावलेली नाही!"

"हळू बोल. ओमा झोपलीय."

"ओमा झोपलेली नाही," वरून आवाज आला. "ओमाला सगळं ऐकू येतंय. चालू द्या तुमचं."

ओमा म्हणजे आजी, थेडाची आई. तिला घरात सगळे ओमाच म्हणत, जावईसुद्धा.

फोल्कर्ट शेवटच्या पायरीवर उभा होता. उंच माणूस, तळघरात त्याला कायम मान वाकवून उभं राहावं लागे. आज ती जरा जास्तच वाकली होती. "दुरुस्त करणार होतो," तो म्हणाला. "त्याचा भाग मिळत नाही कुठे."

"मग फेकून दे."

"थेडा, त्याच्याशिवाय माझं काम अडतं."

"काय अडलंय? वर खुर्चीत बसून लॅपटॉपवर टकटक चालूच आहे की तुझी. मशीन खाली मरून पडलंय आणि तुझं काम वर झकास चाललंय. मग ते लागतं तरी कशाला?"

थेडाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तिने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. फोल्कर्टचे कान लाल झाले. टोपली उचलून तो तिच्या मागोमाग वर आला.

उत्तर जर्मनीतल्या लेअर गावाच्या आसपास फोल्कर्ट पॉपिंगाच्या शब्दाला वजन होतं. सखल शेतांतलं पाणी उपसून नदीत सोडणाऱ्या पंपघरावर तो वीजतंत्री होता. वादळाच्या दिवसांत पडद्यावर 'दार बंद' असा हिरवा दिवा लागला तरी तो अंगात रेनकोट चढवून बाहेर जायचा, नदीचं पाणी अडवणाऱ्या लोखंडी दारावर हात ठेवायचा आणि मगच आत येऊन म्हणायचा, "बंद आहे." तरणी पोरं हसायची. शेतकरी मात्र म्हणायचे, फोल्कर्ट म्हणाला ना, मग झोपा आता.

तळघरातलं ते मशीन, एक जुना थोरला कॉम्प्युटर, त्याला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मिळालं. जहाजांचे आराखडे काढणारी एक कचेरी बंद होत होती आणि मशीन भंगारासाठी फुटपाथवर काढून ठेवलं होतं. त्याने ते सायकलच्या ट्रेलरवर घालून घरी आणलं. त्याचा प्रोसेसर बनवणारी कंपनी बुडालेली, म्हणजे त्याच्यासाठी नवं काही लिहिणारं कोणी उरलं नव्हतं. पण जगात इकडेतिकडे काही माणसं एक फुकट, सर्वांसाठी खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टिम या प्रोसेसरवर आणू बघत होती. एका मातीतलं रोप उपटून दुसऱ्या मातीत लावावं तसलं ते काम. लावलं की संपलं, असंही नाही. दर नव्या आवृत्तीत रोप माना टाकतं आणि कुणीतरी मुळाशी बसून राहावं लागतं.

डिस्कशी बोलणारा भाग फोल्कर्टने घेतला. पुढे एकेक जण गळत गेला. कुणाला जुळं झालं, कुणी कंटाळलं, ओसाकातल्या एकाने उत्तरं द्यायचंच थांबवलं. फोल्कर्ट राहिला. इमकेच्या, त्याच्या मुलीच्या, चर्चमधल्या दीक्षाविधीच्या दिवशी पाहुणे केक संपवून निघाले तेव्हा तो तळघरातून वर आला होता. ही गोष्ट इमके अजून हसत सांगते आणि तो अजून हसत नाही. "बाबा," ती विचारते, "तुझ्या प्रोसेसरला माणसं जास्त, की रविवारी आपल्या चर्चला?"

"चर्चला," फोल्कर्ट प्रामाणिकपणे सांगतो.

या मंडळींची एक रीत होती. नवी आवृत्ती निघण्याआधी प्रत्येक प्रोसेसरची हजेरी घेतली जाई. याला सांभाळणारं कोणी आहे का? त्याच्याकडे खरं मशीन आहे का? त्यावर चालवून पाहिलंय का? सांभाळणाऱ्याने सगळ्यांना ईमेल जाते त्या यादीवर दोन ओळी लिहायच्या. ओळी आल्या नाहीत तर तो प्रोसेसर गळाला. लिहिलेलं खरं की खोटं हे कोणी तपासत नसे. ज्यात कुणाला काही मिळायचंच नाही, तिथे खोटं कोण कशाला बोलेल?

मागच्या शरदात तळघरात पाणी शिरलं आणि मशीनचा वीज देणारा भाग जळाला. त्याच सुमारास फोल्कर्टने डिस्कच्या भागात मोठे बदल केले होते. ते त्याने लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये चालवून पाहिले, म्हणजे त्या मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. सगळं ठाकठीक होतं. तेवढ्यात हजेरी आली. त्याने लिहिलं, 'मी सांभाळतो. खऱ्या मशीनवर तपासलंय.'

भाग मिळाला की तपासूच, तो मनाशी म्हणाला. हे काही खोटं नाही, खऱ्याची नुसती उचल घेतलीय. भाग मिळाला नाही. उचल तशीच राहिली.

त्या रविवारी भांडण चहापाशी थांबलं, कारण त्या घरात चहाच्या वेळी भांडायचं नाही असा ओमाचा नियम होता. कपात खडीसाखर पडली, वर गरम चहा पडताच ती तडकली, कडेने साय सोडली. ढवळायचं नाही, अशी तिकडची रीत. ओमाने पहिला घोट घेतला आणि फोन वाजला.

"फोल्कर्ट, बाळा, तुझी माफी मागायला फोन केलाय."

लुडो होता. बेल्जियमच्या किनाऱ्यावर राहणारा निवृत्त भूगोलाचा मास्तर. तोही त्याच जातीचं मशीन वापरायचा, आणि त्यात किनाऱ्यावर उतरणाऱ्या बदकांच्या, टिटव्यांच्या नोंदी ठेवायचा. ऐन तरुणपणापासूनच्या. त्याची जर्मन भाषा मोडकीतोडकी होती, पण दर ख्रिसमसला फोन ठरलेला.

"माफी कसली, लुडो?"

"तू एवढं जपून दिलेलं, मी बिघडवलं. नवी आवृत्ती घातली. आधी सगळं नीट. मग नोंदी उघडल्या तर निम्मी ओळ टिटव्यांची आणि निम्मी कुठली तरी जुनीच. सगळीकडे तसंच. जपून ठेवलेली नक्कल होती, तर तिच्यावरही मी हेच ओतलं. काहीतरी भलतं दाबलं असणार मी."

निम्मी ओळ नवी आणि निम्मी जुनी, हे ऐकताच फोल्कर्टला कळलं. चूक त्याच्याच डिस्कच्या भागातली होती. आणि तरी त्याने विचारलं, "तुम्ही काय दाबलंत?"

"तेच तर आठवत नाही ना! तू तर खऱ्या मशीनवर तपासलं होतंस, मी वाचलं होतं. म्हणजे चूक माझीच. मार्लेन म्हणते, बाबा, मागे गॅस चालू राहिला, आता हे. गाडीची किल्ली तिने काढून घेतलीय. उद्या डॉक्टरकडे नेतेय, डोकं तपासायला. पोरगी मायेपोटीच करतेय, तिला दोष नाही."

"बघतो मी," फोल्कर्ट म्हणाला. "बघतो काय ते."

"कोण होतं?" थेडाने विचारलं.

"लुडो. मशीन बिघडलंय त्याचं."

"त्याचंही?" थेडा म्हणाली. ओमाने तिच्याकडे डोळे वटारले, चहा चालू होता.

वर जाऊन त्याने आपलंच लिखाण उघडलं. चूक सापडायला वेळ लागला नाही. तो प्रोसेसर हाताशी एक छोटी वाटी ठेवतो. लिहायचं ते आधी वाटीत लिहितो, आणि डिस्कने उचलायच्या आधी ती वाटी मोठ्या पातेल्यात रिकामी करावी लागते. 'वाटी रिकामी कर' सांगणारी ओळ बदलाबदलीत गळाली होती. मग डिस्क पातेल्यातलं शिळंच उचलून न्यायची. इम्युलेटरला वाटीच नसते. तो थेट पातेल्यात लिहितो, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसलं. खऱ्या मशीनवर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

त्याने ओळ जागेवर घातली आणि 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून पाठवून दिली. खरं लिहिलं असतं तर हजेरी खोटी ठरली असती. हजेरी खोटी म्हणजे प्रोसेसर गळाला, आणि आयुष्यभराचं ते रोप त्याच्याच हातून उपटलं गेलं असतं.

सोमवारी सकाळी डॉक्टरच्या आधी फोन करायचा असं त्याने ठरवलं होतं. सकाळी पंपाचा एक पट्टा बदलायचा होता, त्याने तो बदलला. मग दुसराही बदलला, जो बदलायची गरज नव्हती. दुपार झाली. आता काय, तपासणी झाली असेल, तो स्वतःला म्हणाला, आणि हे म्हणताना जो हलकेपणा वाटला त्याची त्याला किळस आली.

मंगळवारी त्यानेच फोन लावला.

"घड्याळ काढायला लावलं रे कागदावर," लुडो म्हणाला. "जन्मभर पोरांना नकाशे काढायला शिकवले, आणि डॉक्टरांसमोर हात असा थरथरला की काटे भलतीकडेच गेले. मार्लेन रडली."

"लुडो, ऐका. मशीनचं म्हणाल तर..."

"ते जाऊ दे. मशीन ती भंगारात देतेय आणि मी हो म्हटलंय. सकाळी बांधावर गेलो होतो. बदकं उतरली होती, पुष्कळ. मोजली नाहीत. मी मोजलेलं बरोबर की चूक, हे आता कोण सांगणार?"

फोल्कर्टने तोंड उघडलं. "थंडी आहे, जपून राहा," एवढंच त्याला बोलता आलं.

संध्याकाळी त्याने ताटातला सॉसेज नुसता इकडून तिकडे सरकवला. ओमा झोपायला गेल्यावर थेडाने ताट ओढून घेतलं. "बोल आता. फ्रीझरवरून असा चेहरा नाही होत माणसाचा."

त्याने सगळं सांगितलं. हजेरी, इम्युलेटर, वाटी आणि पातेलं, लुडो, घड्याळाचे काटे. थेडाने मध्ये एकदाही टोकलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "म्हातारा तिकडे स्वतःला खुळा समजतोय. आणि त्याला तसं समजू देऊन तू माझ्या स्वयंपाकघरात बसलायस."

"सांगितलं तर सगळं संपेल, थेडा. जगभर नाव जाईल माझं."

"जगभर म्हणजे किती माणसं?"

त्याने खरोखर मनात मोजलं. "दहा-पंधरा."

थेडाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "मला खोटं बोललास त्याचं मी बघून घेईन, माझा हिशेब घरातला आहे. पण त्याच्या पोरीने त्याची किल्ली काढून घेतलीय, फोल्कर्ट. उद्या घर काढून घेईल. आणि तो म्हणेल, तिला दोष नाही."

"मी फोन केला होता आज. जमलं नाही."

"फोनवर नाहीच जमणार तुला. वादळात दाराला हात लावायला पळत जातोस, आणि इथे तारेवरून भागवतोस होय?"

ताटं त्याने धुतली. एकेक ताट गरजेपेक्षा जास्त वेळ पाण्याखाली धरलं.

दुसऱ्या दिवशी इमके जेवायला आली होती. केल या हिवाळी पालेभाजीचं कालवण होतं, बटाटे होते. ओमा इमकेला तिच्या नव्या मालकाबद्दल खोदून खोदून विचारत होती. फोल्कर्टने काटा खाली ठेवला.

"मला सांगायचंय," तो म्हणाला.

"बाबा, कुणी गेलं का?" इमकेने घाबरून विचारलं.

"नाही. दुपारी मी यादीवर लिहून टाकलं. खऱ्या मशीनवर तपासलं नव्हतं, मी खोटी हजेरी लावली होती, आणि त्यामुळे एका माणसाच्या आयुष्यभराच्या नोंदी गेल्या. पुढच्या आवृत्तीत आमचा प्रोसेसर नसेल."

इमकेचा घास हातातच राहिला. तिच्या जन्माआधीपासून घरात असलेली गोष्ट बाप हवामान सांगावं तशी संपली म्हणून सांगत होता. ती हळूच म्हणाली, "कुणी काही म्हणालं?"

"एकाने लिहिलं, सांगितलंस ते बरं केलंस. बाकी कुणीच काही लिहिलं नाही."

"मग आता परत काहीतरी करता येईल ना? भाग मिळाला, तू माफी मागितलीस..."

"नाही," फोल्कर्ट म्हणाला. "मी सांभाळतो, असं मी आता कुठे लिहायचं नाही."

ओमाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. त्याने वाढून घेतलं नाही.

"आणि उद्या पहाटे मी गाडी घेऊन लुडोकडे जातोय. रजा टाकलीय. त्याच्या मुलीला समोर बसवून सांगणार आहे की तिच्या बापाने काहीच चुकीचं दाबलं नव्हतं. तिला पटलं नाही तर डॉक्टरांकडे चल म्हणेन, तिथेही तेच सांगेन. भंगारवाल्याकडून मशीन परत मिळालं तर डिस्कवरून निघेल तेवढं काढून देईन, आणि ते होईपर्यंत मी तिथेच राहणार आहे."