कलेक्टर अक्का आणि मॉलचं दार

एक दिवस सोडला तर कलेक्टर अक्काचे हात मी कधी रिकामे पाहिले नाहीत. लग्नात अक्षता टाकायला म्हणून तेवढी ती सूप खाली ठेवायची, आणि नवरा-नवरीनं एकमेकांकडे नीट बघायच्या आत ते पुन्हा मांडीवर घ्यायची. सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखूचा ढीग आणि दोऱ्याचं रीळ. बोटं बिडी वळत, डोळे गल्लीत फिरत आणि तोंड तिसरीकडेच चालू असे. सोलापूरच्या पूर्व भागात बिडी वळणाऱ्या बायकांना तोटा नाही. पण खाली न बघता बिडी वळत समोरच्या घरातलं भांडण सोडवणारी, आणि फार लवकर सुटलं म्हणून पुन्हा लावून देणारी, ती एकटीच.

कलेक्टर हे नाव तिला कुणी दिलं ते ठाऊक नाही. नळावर आधी कोण, गणपतीचा मांडव कुठं, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ, सगळे हुकूम तिच्या ओट्यावरून सुटायचे. खऱ्या कलेक्टरची निदान बदली तरी होते. ती घरात तेलुगू बोलायची, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्हींची मिसळ. मला 'पिल्ला' म्हणायची, म्हणजे पोरगी. माझी स्वतःची पोरगी कॉलेजात गेली तरी मी आपली पिल्लाच. चौकाच्या कोपऱ्यावर माझं पिको-फॉलचं दुकान आहे, त्यामुळे पुढचा सगळा खेळ मला बसल्या जागी, तिकीट न काढता बघायला मिळाला.

आमच्या चौकात एक मोठा कडुलिंब होता आणि त्याला बांधलेला पार. दुपारी गल्लीतल्या बिडीवाल्या बायका सुपं घेऊन तिथं जमायच्या, अक्का मधोमध. त्याच लिंबाचं आणखी एक काम होतं. गल्लीतलं कुणी गेलं की स्मशानाकडे जाताना तिरडी पहिल्यांदा त्या पाराजवळ टेकायची, विसाव्याला. खांदेकरी बाजू बदलायचे आणि बायका तिथूनच माघारी फिरायच्या. नव्या नवरीला तिथं बसायला कसंतरी वाटायचं. अक्का तिला म्हणायची, "शेवटाला हितंच टेकायचं हाय की. आत्तापासून बसून जागा बघून ठेव."

मग चौकाला लागून असलेल्या बंद कारखान्याच्या जागेवर मॉल आला. चार पडद्यांचं थिएटर, कपड्यांची दुकानं, खाण्याचा मजला, पोरांचे खेळ आणि एक भुताचं घर. चौकही शोभेचा झाला पाहिजे म्हणून पार फुटला, लिंब गेला आणि त्याच्या जागी मॉलच्या पायऱ्या आणि कुंडीतलं एक विलायती झाड आलं. त्याच्या सावलीत एखादं मांजर बसलं असतं, तेही अंग चोरून. उद्‌घाटनाच्या दिवशी भाषणात आमचा चौक आता मोठ्या शहरांच्या तोडीचा झाला असं सांगितलं गेलं. अक्का माझ्या दुकानाच्या पायरीवर होती. भुताच्या घराला तिकीट आहे हे कळल्यावर ती म्हणाली, त्या लोकांना माझ्याकडे पाठवा, मी फुकट भिववते.

गंमत तिथवरच. उन्हाळा तापला आणि बायका आपापल्या पत्र्याच्या घरात अडकल्या. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली बसणं म्हणजे तव्यावरच्या भाकरीनं झाकण मागण्यासारखं. पण अक्काचं दुखणं ऊन हे नव्हतं. पारावर बसणाऱ्यांत दोघी विधवा होत्या, एकीचा मुलगा भिवंडीला गेला तो परत फिरकलाच नव्हता. त्या आता दिवसभर कुणाशी बोलत नव्हत्या. एकीनं तर दार लावून घेतलं होतं. अक्का माझ्याकडे आली, मशीनच्या बाजूला बसली आणि हात चालू ठेवूनच म्हणाली, "बिडी एकटीला वळता येती, पिल्ला. दिवस एकटीनं जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना गोळा करून थेट मॉलात घुसली. दाराबाहेर त्यांनी चपला ओळीनं काढून ठेवल्या. एवढी चकचकीत फरशी देवळाशिवाय कुठं असते? चपला बघून मागून येणाऱ्या दोन कुटुंबांनीही आपल्या काढल्या. दारावरचा वॉचमन माळशिरसकडचा, मेंढरांमागं अर्धं आयुष्य घालवून इथं गणवेशात अडकलेला, मोठ्या मिशांचा माणूस. चपलांचा ढीग आवरायचा की बायकांना आवरायचं हे ठरेपर्यंत त्या तळमजल्यावरच्या कारंज्याच्या कट्ट्यावर सुपं मांडून बसल्याही होत्या. तो धावत आला आणि धूम्रपान करू नये ही पाटी दाखवू लागला. अक्कानं शांतपणे सांगितलं की आमच्यात कुणी पीत नाही, आम्ही फक्त वळतो. मिशीवाला नंतर माझ्या दुकानाशी पाणी प्यायला आला तेव्हा म्हणाला, "मेंढरं बरी, वैनी. एकदा हाकलली की जात्यात."

चार-पाच दिवस त्यांचं राज्य सुखात चाललं. मग एसीनं दगा दिला. तिथली हवा गार, पण कोरडी. बिडीचं पान ओलसर असलं तरच वळतं. सुकलं की बोटाखाली फाटतं, आणि फाटकी बिडी कारखान्यात कुणी घेत नाही. पारावर हापसा होता, तिथं पान भिजवायची सोय होती. अक्कानं इकडेतिकडे पाहिलं. समोर कारंजं होतंच. एवढं पाणी रिकामं वर उडतंय आणि खाली पडतंय, त्याचा कुणाला तरी उपयोग असेलच की, असा तिचा सरळ हिशेब. तिनं सगळ्यांच्या पानांच्या जुड्या कारंज्याच्या हौदात सोडल्या आणि वर दगड ठेवला.

तेंदूचं पान पाण्यात पडून राहिलं की पाण्याला रंग सुटतो. संध्याकाळी रंगीत दिवे लागले आणि कारंज्यातून कोरा चहा उडू लागला. पंढरपूर रोडकडून आलेल्या एका कुटुंबाला ती मॉलची खास करामत वाटली. त्यांनी फोटो काढले आणि आजोबांनी चव घेता येते का म्हणून विचारलं. मॅनेजर मात्र खाली आला तो पांढराफटक. पुण्याहून आलेला, गळ्यात पट्टा, तोंडात आपण आणि कृपया. आजी, आपण समजून घ्या, ही प्रीमियम जागा आहे, असं तो अगदी हात जोडून सांगत होता. अक्का म्हणाली, प्रीमियम आहे म्हणूनच आलो, साधी असती तर घर काय वाईट होतं? मग सूप उचलून तिनं एकच मागणं मागितलं.

"आमचं झाड हितं व्हतं. त्ये परत लाव, पोरा. आमी आत्ता उठतो."

झाड लावणं मॅनेजरच्या हातात नव्हतं. बंदी घालणं होतं. दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या फलकावर पाळीव प्राणी, बाहेरचे खाद्यपदार्थ आणि त्याखाली सुपे अशी नवी ओळ आली. मी वाचून दाखवल्यावर अक्का सूप छातीशी धरून फलकाखाली उभी राहिली. मला वाटलं, या वेळी बाई खचली. शेवटी तिनं विचारलं, "कुत्र्याच्या खाली का घातलंय आमाला?"

त्या फलकाखाली उभी राहून ती जे बघत होती ते मला उशिरा कळलं. मॉलचं काचेचं दार माणूस जवळ आला की आपोआप सरकतं. वर बसवलेला एक काळा डोळा माणूस ओळखतो. दार सरकलं की आतला गारवा भसकन बाहेर येतो आणि पायऱ्यांवरून खाली उतरतो. अक्कानं दाराच्या बाजूला पायरीवर बसून सूप हवेत हलवलं. दार उघडलं. सूप खाली घेतलं, दार मिटलं. पुन्हा हलवलं. तिच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं ते मी तिच्या नातवाच्या बारशालासुद्धा पाहिलं नव्हतं. "त्ये दार लई शाणं हाय," ती म्हणाली. "मॅनेजरपेक्षा."

तेव्हापासून दुपारी सगळ्या सुपांसह पायऱ्यांवर. पाळीपाळीनं एकीनं हात वर करायचा, दार उघडायचं, गार झुळूक येऊन जायची. लाखो रुपयांचा एसी आमच्या चौकाला वारा घालू लागला. दार लावून घेतलेली ती बाईही आली, आणि पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी सुनेवरून इतकी भांडली की अक्कानं समाधानानं मान डोलावली. मॅनेजरनं मिशीवाल्याला त्यांना उठवायला पाठवलं. तो गेला, पायऱ्या बघितल्या, मिशी कुरवाळली आणि परत येऊन म्हणाला की खालच्या पायऱ्या चौकात येतात, त्या आपल्या हद्दीत नाहीत. खरं होतं की नाही देव जाणे. मोजायला कुणी आलं नाही.

तंबाखूची धूळ आयुष्यभर नाकातोंडात जाते, तिचं बिल कधीतरी येतंच. थंडी संपता संपता अक्काचा खोकला छातीत उतरला. मी भेटायला गेले तेव्हा ती आडवी होती, आणि गोधडीचं टोक दोन बोटांत धरून वळत होती. मला रडू आलं तर म्हणाली, रडू नको, गोधडीला डाग पडेल. चार दिवसांनी ती गेली. मला तिच्यावर फार राग आला होता. माझ्या आईनंतर मला पिल्ला म्हणणारं, मला अजून लहान समजणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

तिरडी निघाली तेव्हा टळटळीत दुपार होती. हलगी पुढे, गल्ली मागे. चौकात आल्यावर खांदेकरी घोटाळले. पाय सवयीनं लिंबाच्या जागेकडे वळले आणि तिथं तर पायऱ्या. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. विसावा चुकवायचा नसतो. मग त्यांनी तिला तिथंच टेकवलं, खालच्या पायरीवर, ती रोज बसायची तिथं. बायका भोवती उभ्या राहिल्या. तिचे हात छातीवर ठेवले होते, रिकामे.

हलगी थांबली. तेवढ्यात मॅनेजर वरच्या पायरीवर आला. दुपारच्या खेळाला गर्दी होती, आत लहान मुलं होती, तो तरी काय करणार? यांना कृपया जरा पलीकडे घ्यायला सांगा, असं तो मिशीवाल्याला हळू आवाजात सांगत होता.

मिशीवाल्यानं टोपी काढून काखेत धरली. "विसाव्याला टेकलेल्याला उठवत न्हाईत, साहेब," तो म्हणाला. मग मागं सरून तो दाराशी गेला आणि त्या काळ्या डोळ्यासमोर हात वर धरून उभा राहिला. दार सरकलं आणि उघडंच राहिलं. आतला सगळा गारवा पायऱ्या उतरून खाली येत होता, आणि आम्ही कुणीच घाई केली नाही.